टायर मोठा, दम छोटा!

शनिवारी संध्याकाळी सेमिनरी हिल्सला एक चक्कर मारून बघा. दोन-चार थार दिसतीलच आणि त्यातल्या एखादीला हे एवढाले टायर! दिसायला एकदम सही. पण सोमवारी तीच गाडी वर्धा रोडनं मिहानकडे निघाली की मालकाची कुरकुर सुरू, 'पिकअपच मेला ना भाऊ, अॅव्हरेजही पडला!' इंजिन तर तेच आहे. मग बिघडलं काय?

बिघडलं गणित. इंजिनची ताकद चाकापर्यंत जाते ती अॅक्सलमधल्या क्राऊन-पिनियनमधून. पिनियनला १० दात आणि क्राऊनला ४१ असतील तर रेशो झाला ४.१०. म्हणजे शाफ्ट ४.१० वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा फिरेल. टायर मोठा झाला की चाकाच्या त्याच एका फेरीत गाडी जास्त अंतर जाते आणि इंजिनला जास्त जोर लावावा लागतो. गिअरच्या सायकलनं चढावर टॉप गिअरमध्ये पॅडल मारून बघा, लगेच कळेल!

आता आकडे. २०२०च्या थारच्या काही मॉडेल्सना २४५/७५ आर १६ टायर आला. त्याची उंची साधारण ७७४ मिलिमीटर. हौसेनं २८५/७५ आर १६ चढवला की ८३४. फरक पावणेआठ टक्के! मीटर आधी बरोबर दाखवत होता असं धरलं, तर आता तो ८० दाखवेल तेव्हा गाडी ८६नं पळत असेल. समृद्धीवर १२०ची मर्यादा आहे. तुम्ही ११५वर निवांत, गाडी मात्र १२४वर. कॅमेरा तुमचा मीटर बघत नाही, बॉस! ब्रेकही जुनेच. मोठं, जड चाक थांबवायला त्यांना जास्त मेहनत. आणि एवढं करून अॅक्सल जमिनीपासून किती उचलला गेला? जेमतेम ३ सेंटीमीटर.

यावरचा फंडा सोपा आहे. नव्या टायरच्या उंचीला जुन्या उंचीनं भागा आणि जुन्या रेशोनं गुणा. समजा रेशो ३.७३ होता, तर आता साधारण ४.०२ हवा. त्याच्या जवळचा ४.१० बसवला की गेलेला दम परत. पण खिसा सांभाळा! फोर बाय फोरमध्ये पुढच्या-मागच्या दोन्ही अॅक्सलचा रेशो सारखाच लागतो. एकच बदलला तर फोर व्हील टाकल्याबरोबर दोन्ही अॅक्सल एकमेकांशी भांडणार आणि मोडतोड ठरलेली. म्हणजे क्राऊन-पिनियनचे दोन सेट, दुप्पट मजुरी आणि सेटिंगला मुरलेला हात.

जीपवाल्यांना हे कधीच कळलं होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज जीपला पिनियन ८ दातांचं, क्राऊन ३९चा, रेशो ४.८८. १९४५मध्ये त्याच जीपचा शेतीसाठीचा अवतार आला, सीजे-२ए. टायर त्याच मापाचे, पण नांगर ओढायचा म्हणून क्राऊन ४३ दातांचा, रेशो ५.३८. आधी काम ठरलं, मग गिअर. आपण आधी फोटो ठरवतो!

आणि काम म्हणजे आपल्याकडे काय, तर पावसाळ्यातली काळी माती. ती टायरच्या खाचांत भरली की कितीही उंच टायर गुळगुळीत होतो. तिथं उंचीपेक्षा खाचांची नक्षी, हवेचा दाब आणि लो रेंजचा संथ जोर कामाला येतो. मोठ्या टायरनं नेमका तो जोरच कमी होतो.

कायदाही आहेच. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२वर बोट ठेवून सांगितलं, कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत. अपघातानंतर विमा कंपनीलाही टायरचं माप वाचता येतं!

तेव्हा दोस्तहो, आठवड्याचे पाच दिवस ऑफिस आणि महिन्यातून एकदा पेंच, एवढाच रूट असेल तर कंपनीनं दिलेल्या मापातच चांगल्या खाचांचा ऑल-टेरेन टायर घ्या. खरंच मोठा टायर हवा असेल तर आधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारा, आणि क्राऊन-पिनियनचा खर्च त्याच बजेटमध्ये धरा. तो धरायची तयारी नसेल तर त्या पैशात मस्त रिकव्हरी पट्टा येतो. चिखलात तोच खरा मित्र!