आकडा आणि भरवसा

समुद्र वरोऱ्यापासून शेकडो कोस दूर असला, तरी भरतीमापकाचा प्रश्न येथे परका नाही. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राची पातळी नोंदली जाऊ लागली. अशा मापकाचा आधार खचला, तर समुद्र न चढताही आकडा चढतो. नदीवरील मोजपट्टीचेही तेच. जुलै २०२२ मध्ये वर्धा नदीच्या पुराने वरोरा तालुक्यातील नदीकाठच्या गावांना तडाखा दिला. पुराच्या रात्री घर सोडावे की थांबावे, हे अशाच आकड्यांवर ठरते. म्हणून प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक आकड्यासोबत मोजणीची वेळ आणि शून्यबिंदूच्या अखेरच्या तपासणीची तारीख दिली गेली पाहिजे. यंत्र बंद असेल तर रकाना रिकामा ठेवावा. रिकामा रकाना सावध करतो; चुकीचा आकडा मात्र निर्धास्त झोपवतो.