किळस आपली, नाव शेतकऱ्याचे!



राजेंद्र नगरात चार मंडळी जमली आणि स्वच्छतेचा विषय निघाला की आपली छाती फुगते. 2017 पासून सलग सात वर्षे इंदूर देशात पहिले आले, अभिमान वाटायलाच हवा. पण त्याच बैठकीत 'सोनखत' हा शब्द उच्चारून पाहा. लगेच नाकाला रुमाल लागतो आणि वर शेरा मिळतो, "असले खत शेतकरी घेणारच नाही." या शेऱ्याला माझा स्पष्ट विरोध आहे.

आधी आपलाच इतिहास पाहू. होळकर दरबाराने दिलेल्या 300 एकर जमिनीवर 1924 मध्ये इंदुरात वनस्पती उद्योग संस्था उभी राहिली. तेथे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, माती व राख यांचे थर रचून साधारण तीन महिन्यांत खत तयार करण्याची रीत बसवली. 1931 च्या त्यांच्या पुस्तकातून ती 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. पुढे 1934 मध्ये जॅक्सन व वाड यांनी वस्तीतला मैला व कचरा याच पद्धतीने कसा जिरवावा, हेही लिहून ठेवले. म्हणजे जगाला धडा देणारे शहर आपले, त्या दोघांत एक नाव आपल्या मराठी माणसाचे, आणि धडा विसरलोही आपणच!

मी बँकेतला कारकून, म्हणून हिशेब मांडतो. भारतात एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला अंदाजे 2.7 किलो नत्र बाहेर पडते. 2011 च्या जनगणनेप्रमाणे इंदूरची वस्ती ढोबळमानाने 20 लाख धरली तर हे नत्र 54 लाख किलो झाले. युरियाच्या 45 किलोच्या पोत्यांत मोजले तर सुमारे 2 लाख 60 हजार पोती. सगळे हाती लागणार नाही, बरेचसे सांडपाण्याबरोबर वाहून जाते, हे मान्य. पण चौथा हिस्सा वाचला तरी 65 हजार पोती होतात. दुसरीकडे 2022-23 मध्ये खतांच्या अनुदानावर देशाचे सुमारे अडीच लाख कोटी रुपये खर्च झाले. जमेची रक्कम गटारात सोडून उधारीवर संसार चालवणाऱ्या गृहस्थाला आपण काय म्हणतो?

आता शेतकऱ्याकडे वळू. तमिळनाडूतल्या वेल्लूर भागात 120 शेतकऱ्यांना हाच प्रश्न विचारला गेला. मानवी मूत्र खत म्हणून वापरायला निम्म्याहून अधिक जण अनुकूल होते. मैल्याच्या खताला निम्म्याहून थोडे कमी. हा काही सरसकट नकार नव्हे. पीककर्जासाठी आमच्या काउंटरवर आलेल्या सांवेरकडच्या एका शेतकऱ्याला मी सहज विचारले. त्याने नाक मुरडले नाही. खताचा भाव काय, तपासणीचा कागद मिळेल का, आणि मंडईत कळले तर माझा माल कोण घेईल, एवढेच तीन प्रश्न त्याने केले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शेतकऱ्याकडे नाही. ते तुमच्या-माझ्याकडे, भाजीची पिशवी घेऊन निघणाऱ्यांकडे आहे.

आणि आपले सोवळे तरी कसले? कान्ह नदीकाठी मैलपाण्यावर वर्षानुवर्षे भाज्या पिकल्या, त्या आपण मुकाट्याने खाल्ल्या. कच्चा मैला चालला. कुजवून, तापवून, जंत मारून केलेले खत मात्र चालत नाही!

यातली खरी गाठ जातीची आहे. ज्याने मैल्याला हात लावला त्याला आपण दूर ठेवले, आणि ती किळस आजही सुटलेली नाही. कोकणच्या अप्पासाहेब पटवर्धनांनी 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्या म्हणून हट्ट धरला, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी येरवड्यात उपोषण आरंभले. पुढे कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेबांनी मैल्याचे खत करून दाखवले. ब्राह्मण घरातला हा उच्चशिक्षित माणूस जे करू शकला, त्याचे नुसते नाव घ्यायलाही आपण कचरतो.

धोका नाही असे मी म्हणत नाही. कच्च्या मैल्यात जंतांची अंडी असतात. गटारात कारखान्यांचे पाणी मिसळले तर गाळात जड धातू येतात. भाभा अणु संशोधन केंद्राच्या सहकार्याने कबीटखेडीत रोज 100 टन कोरडा गाळ गॅमा किरणांनी निर्जंतुक करण्याची योजना महापालिकेने हाती घेतली, ती योग्यच. पण किरणांनी जंतू मरतात, धातू जात नाहीत.

म्हणून आपल्या संस्थेने महापालिकेकडे चार मागण्या ठामपणे मांडाव्यात:

1. प्रत्येक खेपेचा तपासणी अहवाल जाहीर व्हावा आणि पोत्यावर छापला जावा.
2. कारखान्यांचे सांडपाणी घरगुती गटारापासून वेगळे ठेवावे.
3. 2013 च्या कायद्याने बंदी असलेले हाताने मैला उपसण्याचे काम या खताच्या निमित्ताने मागच्या दाराने परत येऊ नये. यंत्र नसेल तर खतही नको.
4. तपासलेले खत आधी शहरातल्या बागांना घालावे, म्हणजे शेतकऱ्याला सांगण्यापूर्वी आपण स्वतः वापरलेले असेल.

चौथ्या मागणीची सुरुवात राजेंद्र नगरातूनच व्हावी. तपासलेले पहिले पोते माझ्या कुंड्यांसाठी मी पैसे मोजून घेईन. दुसरे कोण घेतो, ते पुढच्या सभेत हात वर करून सांगावे.