ताप उतरला, आता भाकरी द्या

पावसाळा सरता सरता जळगाव-धुळ्याच्या दवाखान्यांत डेंग्यूचे आणि साध्या व्हायरल तापाचे रुग्ण वाढतात. ताप चार-सहा दिवसांत उतरतो. अशक्तपणा, मेलेली भूक आणि बिघडलेलं पोट मात्र रेंगाळतं. मग घरात दोन पक्ष पडतात. वडीलधाऱ्यांचा पक्ष म्हणतो, दही-केळी बंद, भाकरी जड. चहा-बिस्किटं द्या आणि ताकदीसाठी एक बाटली चढवून घ्या. पुण्याहून सुट्टीला आलेला मुलगा म्हणतो, पोटातले चांगले जंतू मेलेत, प्रोबायोटिकच्या कॅप्सूल आणा. मला दोघांचंही पटत नाही, पण मुलाच्या हाती निदान अर्धं सत्य आहे.

हाँगकाँगच्या संशोधकांनी 2021 साली 100 कोविड रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या आतड्यांत फीकॅलिबॅक्टेरियम, बायफिडोबॅक्टेरियम असे उपयोगी जंतू घटलेले होते. विषाणू गेल्यावरही काहींच्यात महिनाभर ही तूट दिसली. यातले काही जंतू आपल्याला न पचणारा कोंडा-चोथा आंबवून ब्युटिरेट हे आम्ल तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराचं ते मुख्य इंधन, आणि दाह आवरण्यातही त्याचा हात असतो. जंतू घटले म्हणूनच थकवा आला, असं यावरून सिद्ध होत नाही. पण आजारपणात पोटातली वस्ती विस्कटते, एवढं खरं.

मग कॅप्सूल का नको? इस्रायलच्या वाइझमन संस्थेने 2018 साली अँटिबायोटिक घेतलेल्या निरोगी लोकांवर प्रयोग केला. ज्यांना नंतर प्रोबायोटिक दिलं, त्यांच्या मूळ जंतूंना परतायला काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. उलट, हाँगकाँगमध्येच लाँग कोविडच्या 463 रुग्णांवर झालेल्या चाचणीत थकवा आणि विसराळूपणा कमी झाला, हेही नाकारण्याचं कारण नाही. मात्र तो ठरावीक जंतूंचा संच होता आणि सहा महिने दिला होता. औषधाच्या दुकानातल्या हव्या त्या डबीला ते यश चिकटवता येत नाही.

कॅप्सूलची पाळी बऱ्याचदा येते ती आधीच्या अँटिबायोटिकमुळे, आणि माझं खरं भांडण तिथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2024 साली सांगितलं, की रुग्णालयातल्या कोविड रुग्णांपैकी सुमारे 8 टक्क्यांनाच जोडीला जिवाणूसंसर्ग होता. अँटिबायोटिक दिली गेली सुमारे 75 टक्क्यांना. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही; रावेर-यावलचा केळी उत्पादक ही चूक लगेच ओळखेल. केळीवर हरण्या हा विषाणूचा रोग आला की त्या विषाणूवर फवारा नाही हे त्याला पाठ असतं; तो रोगट झाड उपटतो आणि मावा आवरतो. तोच माणूस स्वतःला ताप आला की दवाखान्यात 'पावरफुल गोळी' मागतो! जिवाणूंमुळे झालेला न्यूमोनिया किंवा टायफॉइड असेल तर गोष्ट निराळी. तिथे डॉक्टरांनी दिलेला डोस पुरा करायलाच हवा.

बाटलीचंही तसंच. डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागला तर सलाईन जीव वाचवतं. ताकदीसाठी म्हणाल, तर अर्ध्या लिटरच्या 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्ये 25 ग्रॅम साखर, म्हणजे शंभरसुद्धा कॅलरी नाहीत. एक भाकरी त्याहून जास्त देते.

राहिली केळी. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळवलेलं जळगावचं केळं तापातून उठलेल्याला वर्ज्य, ही गंमतच. कच्च्या केळ्यातलं बरंचसं पिष्ट लहान आतड्यात न पचता खाली पोचतं आणि जंतूंचं अन्न होतं. ढाक्याच्या एका संशोधन केंद्राने जुलाब न थांबणाऱ्या तान्ह्या मुलांना भाताबरोबर शिजवलेलं कच्चं केळं दिलं. तिसऱ्या दिवशी निम्म्याहून जास्त मुलं बरी झाली. नुसत्या भातावरची जेमतेम 15 टक्के. हा अभ्यास 2001 सालचा आहे, आणि आपल्याकडे कच्च्या केळ्याचे वेफर्सच तेवढे होतात.

माझी बाजू साधी आहे: पाहुणे जंतू विकत आणण्याआधी घरच्यांना जेवू घाला. दादर ज्वारी, ज्वारीत सालासकट उडीद घालून दळलेला कळणा, तुरीची डाळ, वांग्याचं भरीत. यावर रास्त आक्षेप आहे. स्टॅनफर्डच्या 2021 च्या प्रयोगात निरोगी माणसांना दहा आठवडे नुसतं तंतूमय खाणं वाढवून जंतूंची विविधता वाढली नाही. दह्यासारख्या आंबवलेल्या पदार्थांनी ती वाढली. ठीक, मग भाकरीबरोबर ताक घ्या. दूध सोसत नाही अशा अनेकांना ताक चालतं.

'भाकरी पचत नाही' हेही काही दिवस खरं असतं. म्हणून आधी ताकातल्या ज्वारीच्या कण्या, मग मऊ भाकरी डाळीत कुस्करून. जुलाबात रक्त दिसलं किंवा ताप उलटला तर सरळ डॉक्टरांकडे जा. पोट फुगत असेल तर उडदाचा कळणा आठवडाभर लांबवावा. तोवर नुसती ज्वारी पुरते.