दोन कंपन्यांचे स्पीकर, एक बटण : ब्लूटूथ संघटनेला खुले पत्र

प्रति,
ब्लूटूथ स्पेशल इंटरेस्ट ग्रुप,
कर्कलंड, वॉशिंग्टन राज्य, अमेरिका



२००७ पूर्वी ब्लूटूथ हेडसेट फोनला जोडायचा तर ०००० किंवा १२३४ असा आकडा भरावा लागे. जिला पडदा नाही की कळा नाहीत, अशा वस्तूशी गुप्त आकड्यांचा खेळ व्यर्थ आहे हे तुम्ही ओळखलेत आणि २.१ आवृत्तीत ती कटकट मिटवलीत. माणसाला काय जमते, काय जड जाते, याचा विचार मानक ठरवतानाच होऊ शकतो हे तुम्हीच दाखवून दिलेत. म्हणून हे पत्र कोणत्याही कंपनीला न लिहिता तुम्हाला लिहीत आहे.

फोनला एक स्पीकर जोडणे आता लहान मुलालाही जमते. घोडे पेंड खाते ते दुसरा स्पीकर जोडताना. कोजागरीला सोसायटीच्या गच्चीवर दोन शेजारी आपापला स्पीकर घेऊन येतात. दोन्हींवर तुमचेच निळे चिन्ह असते, पण ते एकमेकांना ओळखही देत नाहीत. एकाचे बटण दोनदा दाबायचे, दुसऱ्याचे पाच सेकंद धरून ठेवायचे, तिसऱ्यासाठी आधी ॲप उतरवून घ्यायचे. दिवा लुकलुकतो, पण तो ‘शोधतोय’ म्हणतो की ‘जमले नाही’ म्हणतो, हे कळायला माहितीपत्रक लागते आणि ते खोक्याबरोबर केव्हाच रद्दीत गेलेले असते.

याचे मूळ तुमच्या जुन्या रचनेत आहे. संगीत पाठवण्याची ए-टू-डीपी ही पद्धत एक पाठवणारा आणि एक ऐकणारा एवढेच गृहीत धरून बेतलेली होती. दोन स्पीकर एकत्र वाजवण्याची सोय मग प्रत्येक कंपनीने आपापल्या परीने केली आणि तिला आपापले नाव दिले. सोनीचे पार्टी कनेक्ट, अल्टिमेट इअर्सचे पार्टीअप, जेबीएलचे पार्टीबूस्ट. दुसरा स्पीकरही आमच्याकडूनच घ्या, हा व्यापार त्यात आपोआप साधला.

२०२२ मध्ये तुम्ही ऑराकास्ट आणलेत आणि तांत्रिक गाठ सोडवलीत. एक यंत्र प्रसारण करते, आवाक्यातली कितीही यंत्रे ते पकडू शकतात, आणि प्रत्येकाने आवाज नेमका कधी बाहेर सोडायचा तेही प्रसारणातच सांगितलेले असते. त्यामुळे दोन स्पीकर पुढेमागे वाजून घुमल्यासारखे होत नाही. पण ग्राहकाच्या हाती काय आले? जेबीएलने ऑराकास्ट स्वीकारले, तेव्हा त्यांचे नवे स्पीकर त्यांच्याच जुन्या पार्टीबूस्ट स्पीकरशी जुळेनासे झाले. दुकानात हे आधी सांगणारी खूण कोणत्याही खोक्यावर ठळक दिसत नाही.

लहरींचे नियम तुम्ही बारकाईने लिहिता, बोटांचे मात्र कंपन्यांवर सोडता. माझी तक्रार एवढीच आहे. ती दूर करायला चार गोष्टी पुरेशा आहेत.

पहिली, जोडणीचे एकच चिन्ह आणि एकच कृती. दोन्ही स्पीकरवर तेच बटण दाबले की काम झाले पाहिजे, ॲपशिवाय. डाव्या-उजव्या स्पीकरची अदलाबदल करणेही बटणावरच हवे.

दुसरी, शोधतोय, जुळले आणि तुटले या तीन अवस्थांना ठरलेले दिवे आणि ठरलेले सूर. दिवा अंध माणसाच्या उपयोगाचा नाही, तांबडा-हिरवा फरक अनेकांना दिसत नाही आणि स्पीकरमधून येणारी इंग्रजी सूचना माझ्या आईसारख्यांना कळत नाही. चढता सूर म्हणजे जुळले, उतरता म्हणजे तुटले, हे कोणत्याही भाषेत कळते. स्पीकरला तर बोलायला तोंड आहेच, मग त्याने मुकाट्याने लुकलुकत का बसावे?

तिसरी, बाहेर पडण्याची वाट. जोडी कशी मोडायची, हे जोडण्याइतकेच सोपे हवे. उद्या सकाळी एकटाच स्पीकर सुरू केला तर त्याने कालच्या जोडीदाराची वाट पाहत बसू नये. आणि शेजारच्या गच्चीवरचा अनोळखी स्पीकर माझ्या परवानगीशिवाय गटात येऊ नये.

चौथी, खोक्यावर स्पष्ट ओळ : हा स्पीकर कोणाकोणाशी जुळतो.

कंपन्या म्हणतील, बटण ही आमची ओळख आहे. पण गाणे सुरू करण्याचा त्रिकोण आणि थांबवण्याच्या दोन उभ्या रेघा सगळ्यांच्याच यंत्रांवर सारख्या असतात. त्यामुळे कोणाचा धंदा बुडालेला नाही. स्पर्धा आवाजाच्या गोडव्यात, बॅटरीत, किमतीत करावी.

हे करून घेण्याची ताकद तुमच्याकडे आहे. तुमच्या प्रमाणीकरणाशिवाय ब्लूटूथ हे नाव कोणालाही लावता येत नाही आणि ऑराकास्टची खूणही तुमच्याच मालकीची आहे. १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा या पाच कंपन्या एका मानकासाठी एकत्र बसल्या, त्यातूनच तुमची संघटना उभी राहिली. एका बटणावर एकमत करणे त्याहून नक्कीच सोपे आहे.

म्हणून विनंती अशी, की ऑराकास्टची खूण देताना वरील चार गोष्टी सक्तीच्या करा. ज्या स्पीकरला दुसऱ्या कंपनीच्या स्पीकरशी एका बटणात जुळता येत नाही, त्याला ती खूण देऊ नका.

आपला,
एक स्पीकरधारक