रेडिमेड कपड्यात ‘माया’ नसते

मंडळी, पोस्ट मोठी आहे. जेवण झाल्यावर निवांत वाचा, पण वाचा.

काल रात्री माझा बारावा पेहराव पूर्ण झाला. मागच्या पाडव्याला ठरवलं होतं, वर्षभर एकही तयार ड्रेस विकत घ्यायचा नाही. महिन्याला एक पेहराव, आपल्या हातानं शिवलेला, सासूबाईंच्या जुन्या पायमशीनवर. रंग तीनच: गडद निळा, मोतिया आणि विटकरी. नवा कपडा आधीच्या निदान दोन कपड्यांवर चालणार नसेल तर कापडाला कात्री लावायची नाही, हा नियम.

पहिले दोन महिने कुर्ता-सलवारची पूर्ण जोडी शिवली. पुढं महिन्याला एकच कपडा, कारण त्याची जोडी कपाटात तयारच असायची. आज सात कुर्ते, पाच सलवारी-पँटी आणि दोन जॅकेटं आहेत. कुठलाही कुर्ता कुठल्याही सलवारीवर जातो. म्हणजे नुसत्या पस्तीस जोड्या झाल्या, जॅकेट वेगळंच. कापड, अस्तर, दोरा, बटणं सगळं धरून वर्षाचा खर्च पाच हजारांच्या आत.

स्टेटसला फोटो टाकला तर ओळखीतल्या एका ताईंचा मेसेज, “अगं, एवढा उटारेटा कशाला? ऑनलाइन चारशेत मिळतो की!”

ताई, राग मानू नका. पण हे उत्तर तुम्हाला एकट्याला नाही, आपल्या सगळ्या गावाला आहे.

चारशेचा कुर्ता उलटा करून बघा. शिवणीच्या आत कापड किती ठेवलंय? ओव्हरलॉक मारून अगदी कडेपर्यंत कापलेलं असतं. आपल्या शिवणकामात त्या आतल्या जादा कापडाला ‘माया’ म्हणतात. आईच्या ब्लाउजला दोन्ही बाजूंनी इंच-इंच माया असायची. बाळंतपणानंतर उसवून वाढवला, आजारपणात आत घेतला, एक ब्लाउज दहा-दहा वर्षं चालला. रेडिमेडमध्ये माया नसते, कारण तुम्ही तो वाढवून वापरावा अशी विकणाऱ्याची इच्छाच नसते. अंग बदललं की कपडा फेका आणि पुढचा घ्या.

आता आपलं गाव बघा. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला १९०४ साली, विठ्ठलराव दातारांनी आणला. एकशेवीस वर्षं झाली. मागाच्या खडखडाटात आपली पोरं झोपतात. पण कॉलेजला जाणाऱ्या मुला-मुलींना कापडाचा तुकडा हातात देऊन विचारा, उभा धागा कुठला आणि आडवा कुठला? ज्यांच्या आज्जीनं कांड्या भरल्या, त्यांना सुती आणि पॉलिस्टर हाताला ओळखू येत नाही. आपण विणलेलं कितीतरी कापड कोरंच ट्रकमध्ये चढतं, बाहेर रंगतं, कुठंतरी शिवलं जातं आणि कुरिअरच्या पिशवीतून आपल्याच दारात येतं. वर आपण म्हणतो, स्वस्तात मिळालं!

स्वस्त कुणाला? एका सुती टी-शर्टमागं, कापूस पिकवण्यापासून धरलं तर, सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं असा अंदाज आहे. नळाला पाणी कधी येणार याची वाट बघत बसणाऱ्या आणि पंचगंगेचं काय झालंय ते डोळ्यांनी बघणाऱ्या गावाला हा आकडा समजावून सांगायची गरज नाही. आणि २४ एप्रिल २०१३ आठवा. ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळला. अकराशेहून जास्त माणसं गेली, बहुतेक शिवणकाम करणारीच. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावलं. चारशेत मिळतो तो असाही मिळतो.

आता काही जण म्हणतील, वेळ कुणाला आहे? मी पतसंस्थेत नोकरी करते, घरचं सगळं करते. एका कपड्याला मला दोन रविवार लागतात. पहिल्या कुर्त्याला तीन आठवडे लागले. मुंढा चुकला, दोनदा उसवला, रडकुंडीला आले होते. तेवढा वेळ आधी मोबाइलवर सेल बघण्यात जायचा, हे मान्य करायला लाज वाटते, पण खरं आहे. मात्र वायंडिंगला बारा तास उभी राहून घरी येणाऱ्या बाईला ‘आता कपडेही घरीच शीव’ असं सांगायला मी ही पोस्ट लिहिलेली नाही. तिच्या डोक्यावर आणखी एक काम टाकायचं असेल तर मीच विरोध करीन. मी बोलतेय ते दर महिन्याला पार्सल फोडणाऱ्या आपल्यासारख्यांशी.

दुसरे म्हणतील, शिंप्याच्या पोटावर पाय देताय! उलट आहे. मी पूर्वी ब्लाउजच्या शिलाईवरून पन्नास रुपयांसाठी घासाघीस करायची. मुंढा स्वतः बसवल्यापासून तोंड उघडत नाही. काज-बटण, इंटरलॉक, अवघड कटिंग अजूनही आमच्या गल्लीतल्या टेलरकाकांकडंच जातं आणि ते सांगतील तेवढे पैसे देते. ज्यानं कधी सुई धरली नाही, त्यालाच शिलाई महाग वाटते.

माप न घेता कपडे शिवले की काय होतं, हे सरकारनंही दाखवून दिलंय. २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य एक गणवेश’ आणला. कापडाची खरेदी एकाच ठिकाणी, शिलाई बचत गटांच्या बायकांकडं, आणि पोरं भलतीकडंच. गणवेश उशिरा आले, मापात बसत नाहीत अशा तक्रारी झाल्या. शेवटी निर्णय फिरवून काम परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडं दिलं. बोलणी मात्र शिवणाऱ्या बायकांना बसली.

म्हणून मागणी स्पष्ट करते.

एक, निवडणूक आली की शिलाई मशीन वाटप, फोटो, हार-तुरे. त्यातली किती मशीनं आज चालू आहेत, जाऊन बघा. आमच्या ओळखीत एका मशीनवर टीव्ही ठेवलाय. मशीन देता तर सोबत तीन महिने कटिंग शिकवा, नाहीतर फोटोही काढू नका.

दोन, शाळेत कार्यानुभवाच्या तासाला शिवण पुन्हा आणा, आणि मुलांनाही शिकवा. बटण तुटलं म्हणून शर्ट टाकून देणारा मुलगा कापडाच्या गावात वाढावा, ही शरम आहे.

तीन, महापालिकेनं आठवड्यातून एक दिवस जागा द्यावी. तिथं आपल्याच मागांवरचं कापड मीटरवर मिळू दे. अडीच मीटर घेणाऱ्यालाही गावात किंमत असू दे.

आणि आपण काय करायचं? या महिन्यात एक कपडा. कुर्ता नको, उशीच्या अभ्र्यापासून सुरुवात करा. कापड आधी भिजवून वाळवा, मग कापा. वाकडी शिवण आली तरी चालेल, माझ्या पहिल्या कुर्त्याची आजही वाकडीच आहे. तोच घालून उद्या ऑफिसला जाणार आहे.

फक्त माया सोडायला विसरू नका.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण भांडायच्या आधी अंगातला कपडा एकदा उलटा करून बघा.