बोट जाता जाता वाचलं

भोसरीच्या किंवा चाकणच्या एखाद्या प्रेस शॉपची शिफ्ट सुटली की बाहेरच्या टपरीवर हे वाक्य कधी ना कधी कानावर पडते : ‘आज बोट जाता जाता वाचलं.’ शेजारी उभा बिहारचा हेल्पर तेच सांगताना ‘कटते कटते बची’ म्हणतो. दोन्ही भाषांची घडण एकच. क्रियापद दोनदा येते, म्हणजे बोट जायला लागले होते. मग येते ‘वाचलं’, म्हणजे कशाने तरी ते अडले. इंग्रजीतले ‘निअरली’, ‘ऑलमोस्ट’, ‘केम क्लोज टू’ हे प्रयोग संकट किती जवळ आले होते ते सांगतात. आपले वाक्य त्यापुढे जाऊन एक प्रश्न समोर ठेवते : अडले ते कशाने?

सुरक्षेच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच आहे. पेडलवर पाय पडला तेव्हा हात डायमध्ये होता. मग लाइट कर्टनने प्रेस थांबवली, की कर्टन बंदच होता आणि हात योगायोगाने मागे आला? पहिल्या प्रसंगात यंत्रणेने काम केले. दुसऱ्यात तीच डाय, तोच पेडल उद्याच्या शिफ्टला दुसऱ्या कुणाची वाट पाहतो आहे. कारखान्याच्या ‘नियर मिस’ फॉर्मवर मात्र दोन्ही प्रसंग ‘नो इंज्युरी’ या एकाच रकान्यात जमा होतात. तेही कुणी लिहिले तर. बऱ्याच ठिकाणी हा फॉर्म इंग्रजीत असतो आणि भरतो सुपरवायझर. कंत्राटी कामगार तोंड उघडत नाही, कारण उद्या गेटवरूनच परत पाठवतील ही धास्ती.

कायद्याचाही इथे आधार नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमात कामगार 48 तास कामावर येऊ शकला नाही, तर अपघात कळवायचा होता. 1976 साली 88अ हे कलम घालून इजा न झालेल्या धोकादायक घटनाही कळवणे सक्तीचे झाले. पण त्या ठरवून दिलेल्या यादीतल्या : स्फोट, आग, क्रेन कोसळणे अशा. वाचलेले बोट दोन्हींत बसत नाही. हर्बर्ट हाइनरिख यांनी 1931 साली एका गंभीर इजेमागे 29 किरकोळ आणि 300 बिनइजेचे अपघात असतात असे मांडले. त्या आकड्यांवर पुढे पुष्कळ आक्षेप आले. तरी मोठ्या अपघाताच्या आधी छोट्या खुणा दिसतात, हे या पट्ट्यातला कोणताही जुना फिटर सांगेल. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था वाहन उद्योगातल्या तुटलेल्या बोटांवर ‘क्रश्ड’ हे अहवाल काढते. तिथे नोंद होते ती बोट गेल्यावर.

4 मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, गेटागेटांवर शपथा होतात, फलक लागतात. त्याआधी फॉर्म बदलावा. तो मराठी आणि हिंदीत असावा, कामगाराने सांगितलेले वाक्य जसेच्या तसे त्यात उतरावे आणि त्याखाली ‘कशामुळे वाचलं?’ एवढाच प्रश्न असावा. उत्तर ‘नशिबाने’ असेल, तर ती प्रेस दुरुस्त होईपर्यंत बंद ठेवावी आणि सांगणाऱ्याची हजेरी कापू नये. सुट्या भागांच्या छोट्या कारखान्यांना हे जड जाईल. म्हणून त्यांच्याकडून माल घेणाऱ्या मोठ्या वाहन कंपन्यांनी दर ठरवतानाच त्या बंद तासांचा खर्च धरला पाहिजे.