आमदाराला 50 हजार, कामगाराला 1 हजार?

माजी आमदारांच्या निवृत्तिवेतनाची पाठराखण करणारे पत्र वाचले. अजिबात पटले नाही. लोकसेवा काय फक्त विधिमंडळातच होते? राज्यात माजी आमदाराला दरमहा 50 हजार रुपये मिळतात, वर पाच वर्षांपुढील प्रत्येक वर्षामागे 2 हजारांची भर. इकडे नोव्हेंबर 2005पासून सरकारी सेवेत आलेल्या कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन बंद झाली. तिच्यासाठी त्यांना मार्च 2023मध्ये संपावर जावे लागले. कामगारांच्या ईपीएस-95 योजनेची किमान पेन्शन तर 2014पासून 1 हजारावरच अडकली आहे. कारखान्यातून निवृत्त झालेले माझे शेजारी तेवढ्यातून आधी रक्तदाबाच्या गोळ्या आणतात, उरले तर किराणा. गरजू माजी आमदारांना जरूर द्या, पण पंजाबने 2022मध्ये ठरवले तसे एकाच कार्यकाळाचे द्या.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा